पंधरा वर्षांची सत्ता, सहासष्ट वर्षांची वाट

१४ जानेवारी २०१७. गुजरातेत उत्तरायण, आपल्याकडची संक्रांत. सुरतेत या दिवशी माणसं सकाळपासून गच्चीवर असतात आणि आकाश पतंगांनी भरून जातं. त्याच दिवशी इंदूरच्या होळकर स्टेडियमवर रणजी करंडकाच्या अंतिम सामन्याचा पाचवा दिवस होता. समोर मुंबई. गुजरातला जिंकायला ३१२ धावा हव्या होत्या आणि रणजीच्या अंतिम सामन्यात एवढ्या धावांचा पाठलाग तोवर कोणी यशस्वी केला नव्हता. कर्णधार पार्थिव पटेलने १४३ धावा केल्या, संघाने ५ गडी गमावून लक्ष्य गाठलं आणि गुजरात पहिल्यांदा रणजी विजेता झाला.

सुरतेच्या पश्चिमेला, हजिऱ्याच्या वाटेवर इच्छापोर आहे. तिथे किंवा सुरतेत कुठेही राहणाऱ्या मराठी माणसाला त्या दिवशी कोणाच्या बाजूने उभं राहायचं हा प्रश्न पडला असेल, तर तो स्वाभाविक होता. जन्म खानदेशात, रोजीरोटी सुरतेत आणि क्रिकेटच्या गप्पा मात्र वाडेकर, गावसकर, सोलकर यांच्या. मुंबईच्या नावावर तेव्हा ४१ विजेतेपदं होती, गुजरातच्या नावावर हे पहिलं. आकडे शेजारी ठेवले तर तुलनेला जागाच उरत नाही. पण ४१ मधली १५ विजेतेपदं सलग आलेली आहेत आणि ती ज्या काळात, ज्या नियमांनी आली, तो काळ समजून घेतल्याशिवाय ४१ आणि १ यांतलं अंतर मोजता येत नाही. संघांचं जसं, तसंच खेळाडूंचं. कोणाच्या नावावर किती करंडक, हे विचारताना तो खेळाडू कुठे जन्मला, कोणत्या विभागातून खेळला आणि त्या वर्षी विजेतेपदापर्यंत किती पायऱ्या होत्या, हेही विचारावं लागतं.

रणजी करंडक सुरू झाला १९३४ मध्ये. पतियाळाचे महाराज भूपिंदरसिंग यांनी करंडक दिला आणि आदल्या वर्षी निधन झालेल्या रणजितसिंहजींचं नाव त्याला मिळालं. पहिला सामना ४ नोव्हेंबर १९३४ रोजी मद्रास आणि म्हैसूर यांच्यात चेपॉकवर झाला आणि एका दिवसात संपला. पहिल्या हंगामात १५ संघ होते आणि पराभव झाला की स्पर्धा संपली, अशी सरळ बाद पद्धत होती. पहिली दोन विजेतेपदं मुंबईने घेतली, पण पुढे करंडक फिरत राहिला. १९३४-३५ ते १९५७-५८ या २४ हंगामांत नऊ वेगवेगळे संघ विजेते झाले. मुंबईच्या वाट्याला त्यातली नऊ विजेतेपदं आली, उरलेली पंधरा आठ संघांनी वाटून घेतली.

हे फिरणं समजून घ्यायचं तर त्या काळातला आश्रय पाहावा लागतो. नवानगर, बडोदा, होळकर या संघांच्या मागे संस्थानं होती. चांगला खेळाडू दिसला की संस्थानिक त्याला नोकरी देत, घर देत, आपल्या संघात आणत. इंदूरच्या होळकर संघाचं नेतृत्व कर्नल सी. के. नायडूंकडे होतं आणि १९४४-४५ ते १९५४-५५ या ११ हंगामांत तो संघ १० वेळा अंतिम सामन्यात पोहोचला. त्यातली चार विजेतेपदं त्याने जिंकली. बडोद्याकडे विजय हजारे होते. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी होळकरविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागीदारी केली.

संस्थानाच्या आश्रयाशिवाय मोठं यश मिळवणारा संघ महाराष्ट्राचा. प्रा. दि. ब. देवधरांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या या संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ असे सलग दोन करंडक जिंकले. देवधरांचा जन्म १८९२ चा, म्हणजे दुसऱ्या विजेतेपदाच्या वेळी ते पन्नाशीच्या उंबरठ्यावर होते. त्या पहिल्या विजयी हंगामातच हजारेंनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा केल्या होत्या. पुढे तेच बडोद्याला गेले, यावरूनच खेळाडू कुठे आणि का ओढले जात हे कळतं.

सामने तेव्हा निकाल लागेपर्यंत चालत. १९४४-४५ मध्ये मुंबई आणि होळकर यांच्या अंतिम सामन्यात २०७८ धावा झाल्या. विजय मर्चंटनी मुंबईसाठी २७८ धावा केल्या, तर युद्धाच्या निमित्ताने हिंदुस्थानात आलेल्या डेनिस कॉम्प्टनने होळकरकडून नाबाद २४९. तरी होळकर ३७४ धावांनी हरलं. मार्च १९४९ मध्ये पुण्यात मुंबई आणि महाराष्ट्र यांचा उपांत्य सामना सात दिवस चालला आणि त्यात २३७६ धावा निघाल्या. मुंबईच्या ६५१ आणि ७१४, महाराष्ट्राच्या ४०७ आणि ६०४. दुसऱ्या डावात सहाशे धावा करूनही महाराष्ट्र ३५४ धावांनी पराभूत झाला. अशा सामन्यांत करंडकाची किंमत शरीराने मोजावी लागे.

याच काळात गुजरात पहिल्यांदा अंतिम सामन्यात पोहोचला. साल १९५०-५१, ठिकाण इंदूर, प्रतिस्पर्धी होळकर. गुजरात हरला. त्यानंतर सहासष्ट वर्षांनी त्याच शहरात, होळकरांच्याच नावाच्या मैदानावर त्याला करंडक मिळायचा होता.

स्वातंत्र्यानंतर संस्थानं विलीन झाली आणि त्यांच्यामागचा पैसा हळूहळू आटला. होळकर संघ पन्नाशीच्या दशकाच्या मध्यात इतिहासजमा झाला. ही पोकळी भरून काढायला मुंबई तयार होती, कारण तिथला आश्रय एका राजाच्या मर्जीवर अवलंबून नव्हता. बँका, गिरण्या, मोठ्या कंपन्या खेळाडूंना नोकऱ्या देत होत्या आणि टाइम्स शील्डमध्ये त्यांचे संघ एकमेकांशी त्वेषाने लढत होते. शाळांसाठी हॅरिस आणि गाइल्स शील्ड होत्या. १९४८ पासून कांगा लीग सुरू झाली. भर पावसाळ्यात, ओल्या खेळपट्टीवर, कधी गुडघाभर गवतात खेळली जाणारी ही लीग फलंदाजाला सगळं काही शिकवून जाई. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांच्यातल्या सामन्याला आंतरराष्ट्रीय सामन्यासारखा ताण असे. आझाद मैदान, क्रॉस मैदान आणि शिवाजी पार्कवर एकाच वेळी इतके सामने चालत की एका सामन्याचा पॉइंट दुसऱ्या सामन्याच्या स्लिपशेजारी उभा असे. या वातावरणातून जो स्वभाव घडला, त्याला मुंबईकर अभिमानाने एकच शब्द वापरतात: खडूस. विकेट फुकट द्यायची नाही, हरलेला सामनाही हरला असं मानायचं नाही.

१९५८-५९ मध्ये मुंबईने अंतिम सामन्यात बंगालला हरवलं आणि तिथून १९७२-७३ पर्यंत दुसऱ्या कोणाचंही नाव करंडकावर कोरलं गेलं नाही. पॉली उम्रीगर, बापू नाडकर्णी, मनोहर हर्डीकर, रमाकांत देसाई, नरेन ताम्हाणे, दिलीप सरदेसाई, अजित वाडेकर, फारुख इंजिनियर, शरद दिवाडकर, अशोक मंकड, एकनाथ सोलकर, सुनील गावसकर. पिढी बदलत राहिली, निकाल बदलला नाही. मडगावहून आलेला सरदेसाई मुंबईकडून तेरा हंगाम खेळला आणि रणजीत एकदाही पराभूत संघात नव्हता. दहा अंतिम सामने खेळला, दहाही जिंकला.

या पंधरांपैकी सात अंतिम सामन्यांत समोर राजस्थान होता. उदयपूरच्या महाराणा भगवतसिंहांच्या पाठबळावर उभ्या राहिलेल्या या संघात सलीम दुराणी होते, हनुमंतसिंह होते, राजसिंह डुंगरपूर होते. विनू मंकड आणि विजय मांजरेकर यांच्यासारखे मुंबईत नाव कमावलेले खेळाडूही तिकडून खेळले. १९६६-६७ च्या अंतिम सामन्यात हनुमंतसिंहांनी पहिल्या डावात १०९ आणि दुसऱ्या डावात नाबाद २१३ धावा केल्या. एकाच अंतिम सामन्यात शतक आणि द्विशतक! पण सामन्याचा निकाल लागला नाही, तर पहिल्या डावाची आघाडी पाहायची असा नियम होता. आघाडी मुंबईची होती, करंडकही मुंबईचा झाला. हनुमंतसिंहांच्या नावासमोर विजेतेपदांच्या रकान्यात त्या वर्षीही शून्यच राहिलं.

सुरतेचा माणूस या कहाणीत इथेच भेटतो. रुसी सुरती यांचा जन्म १९३६ चा, सुरतेतला. डावखुरा फलंदाज, मध्यमगती गोलंदाजी करणारा आणि गरज पडली तर फिरकीही टाकणारा, चपळ क्षेत्ररक्षक. ते गुजरातकडून खेळले आणि राजस्थानकडूनही. भारतासाठी २६ कसोटी खेळले. १९६७-६८ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात चार कसोटींत त्यांनी ३६७ धावा केल्या आणि २२ बळी घेतले. तिथूनच पुढे गेलेल्या संघाने न्यूझीलंडमध्ये परदेशातली आपली पहिली कसोटी मालिका जिंकली, तेव्हा ऑकलंडला सुरती ९९ धावांवर बाद झाले. नंतर ते क्वीन्सलँडकडून शेफील्ड शील्ड खेळले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. पण गुजरातने, राजस्थानने किंवा क्वीन्सलँडने त्यांच्या कारकिर्दीत आपल्या देशाची स्पर्धा जिंकली नाही. तीन संघ, दोन देश आणि एकही विजेतेपद नाही.

यात दोष खेळाडूचा किती आणि रचनेचा किती, हे पाहायला हवं. १९५७-५८ पासून विभागवार साखळी पद्धत आली होती. पश्चिम विभागात मुंबई, महाराष्ट्र, गुजरात, बडोदा आणि सौराष्ट्र असे पाच संघ होते आणि विभागातून एकच संघ पुढे जाई. म्हणजे गुजरातचा खेळाडू कितीही चांगला असला, तरी मुंबईला मागे टाकल्याशिवाय त्याला उपांत्य फेरीचं तोंडही दिसत नसे. त्याच खेळाडूने मध्य विभागातल्या राजस्थानची टोपी घातली की अंतिम सामन्याचा रस्ता खुला होई, पण त्या रस्त्याच्या शेवटी पुन्हा मुंबईच उभी असे. दुसरीकडे मुंबईलाही हे मान्य करावं लागेल की तिचा प्रवास लांबीने छोटा होता. चार साखळी सामने, मग दोन-तीन बाद फेरीचे सामने आणि करंडक. आजचा विजेता त्याहून बराच लांब रस्ता चालून येतो.

तरीही या पंधरा वर्षांना केवळ रचनेची देणगी म्हणता येत नाही आणि याचा पुरावा १९७०-७१ चा हंगाम आहे. वाडेकर, सरदेसाई, गावसकर, सोलकर आणि अशोक मंकड भारतीय संघाबरोबर वेस्ट इंडिजला गेले होते. त्याच दौऱ्यात गावसकरने ७७४ आणि सरदेसाईने ६४२ धावा केल्या आणि भारताने तिथे पहिल्यांदा मालिका जिंकली. इकडे मुंबईची दुसरी फळी सुधीर नाईक यांच्या नेतृत्वाखाली खेळत होती. त्या वर्षापासून प्रत्येक विभागातून दोन संघ पुढे जाऊ लागले होते, त्यामुळे अंतिम सामन्यात महाराष्ट्र समोर आला. पाच कसोटीपटूंविना मुंबईने तो जिंकला. पुढच्या हंगामात तारे परतले आणि विजेत्या कर्णधार नाईकांनाच अकरा जणांत जागा राहिली नाही. त्या काळी मुंबईत करंडक जिंकणं एक वेळ सोपं होतं, संघात टिकणं कठीण होतं.

शेवटचा अध्याय पद्माकर शिवलकरांचा. १९७२-७३ चा अंतिम सामना चेपॉकवर, तमिळनाडूविरुद्ध. खेळपट्टी पहिल्या दिवसापासून फिरकीला साथ देणारी. मुंबईच्या १५१ आणि ११३, तमिळनाडूच्या ८० आणि ६१. शिवलकरांनी पहिल्या डावात १६ धावांत ८ आणि दुसऱ्या डावात १८ धावांत ५ बळी घेतले. तिसऱ्या दिवसाच्या पहिल्याच चेंडूवर सामना संपला. सलग पंधरावं विजेतेपद मुंबईच्या हाती आलं.

शिवलकरांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले, कितीतरी करंडक पाहिले, पण कसोटी एकही खेळली नाही. बिशनसिंग बेदींच्या काळात जन्मलेल्या डावखुऱ्या फिरकीपटूचं ते नशीब. रणजीत सर्वाधिक ६३७ बळी घेणाऱ्या राजिंदर गोयल यांचं नशीब त्याहून कठोर. दक्षिण पंजाब, दिल्ली आणि हरियाणा या संघांकडून ते खेळले. दिल्लीने पहिला करंडक जिंकला तेव्हा ते हरियाणात होते आणि हरियाणाने जिंकला तेव्हा निवृत्त झालेले होते. कसोटी नाही, करंडकही नाही. सुरतींकडे २६ कसोटी आणि शून्य विजेतेपदं, शिवलकरांकडे विजेतेपदं आणि शून्य कसोटी, गोयलांकडे दोन्हींपैकी काहीच नाही. या तिघांना केवळ विजेतेपदांच्या रकान्यावरून क्रम लावणं म्हणजे त्यांच्या कामाकडे पाठ फिरवणं होय.

१९७४ मध्ये बंगळूरच्या उपांत्य सामन्यात कर्नाटकविरुद्ध मुंबईची ही सत्ता संपली. गुंडाप्पा विश्वनाथच्या १६२ धावा, प्रसन्नाचं नेतृत्व आणि पहिल्या डावाची आघाडी. ज्या नियमाने मुंबईला अनेकदा तारलं, त्याच नियमाने तिला बाहेर काढलं. त्या वर्षी कर्नाटक विजेता झाला आणि अंतिम सामन्यात हरलेला संघ पुन्हा राजस्थानच होता. मुंबईने लगेच पुढचे तीन करंडक घेतले, पण आता दिल्ली, कर्नाटक, हैदराबाद, तमिळनाडू असे बरोबरीचे दावेदार तयार झाले होते. १९९०-९१ चा अंतिम सामना त्या बदलाची साक्ष आहे. वानखेडेवर ३५५ धावांचा पाठलाग करताना मुंबई हरियाणाकडून २ धावांनी हरली आणि १३९ धावांवर नाबाद राहिलेला दिलीप वेंगसरकर मैदानातच रडला.

नंतरच्या पिढीतली दोन नावं या तुलनेत महत्त्वाची. अमोल मुझुमदारने १९९३-९४ मध्ये पदार्पणात हरियाणाविरुद्ध २६० धावा केल्या, तो तेव्हाचा विश्वविक्रम होता. मुंबईकडून त्याने आठ विजेतेपदं मिळवली, त्यातलं २००६-०७ चं कर्णधार म्हणून. भारतीय संघात मात्र त्याला कधीच जागा मिळाली नाही. वसीम जाफरने मुंबईकडून आठ आणि विदर्भाकडून दोन, अशी दहा विजेतेपदं मिळवली. ही दहा विजेतेपदं सरदेसाईच्या दहा विजयी अंतिम सामन्यांशेजारी ठेवली की काळातला फरक दिसतो. जाफरच्या कारकिर्दीत २००२-०३ पासून विभाग गेले, एलिट आणि प्लेट असे स्तर आले. कारकिर्दीच्या शेवटी, २०१८-१९ मध्ये, नऊ नवे संघ येऊन संख्या ३७ झाली. त्याने दहापैकी दोन करंडक अशा संघाबरोबर जिंकले, ज्याने त्याआधी एकही जिंकला नव्हता. सरदेसाईने विजयाची सवय असलेल्या संघात ती टिकवली, जाफरने ती नव्या ठिकाणी रुजवायला मदत केली. दोन्ही कामं कठीण, पण ती सारखी नाहीत.

हा पेच जगात इतरत्रही आहे. अमेरिकन फुटबॉलमध्ये ऑटो ग्रॅहमने क्लीव्हलँड ब्राउन्सकडून १९४६ ते १९५५ या दहा हंगामांत दहाही वेळा अंतिम सामना गाठला आणि सात जिंकले. टॉम ब्रेडीने २३ हंगामांत सात सुपर बोल जिंकले. आकडा एकच, सात. पण ग्रॅहमची पहिली चार विजेतेपदं एका छोट्या, चार वर्षांत बंद पडलेल्या लीगमधली. ब्रेडीच्या बहुतेक काळात लीगमध्ये ३२ संघ होते आणि खेळाडूंच्या पगारांवर मर्यादा होती, म्हणजे एकाच संघाने सगळे गुणी खेळाडू गोळा करून ठेवणं अवघड. दुसरीकडे, दहापैकी दहा वर्षं शेवटपर्यंत पोहोचण्याचं सातत्य ब्रेडीकडेही नाही. तिथेही वाद अजून मिटलेला नाही, कारण इथे सातला सातने भागलं तरी एक येत नाही.

मग मुंबईच्या पंधरा वर्षांचं वजन किती? माझ्या मते, खूप. कारण त्या वर्षांनी करंडकांपलीकडे काहीतरी दिलं. १९७१ मध्ये वेस्ट इंडिज आणि इंग्लंडमध्ये मालिका जिंकणाऱ्या भारतीय संघाचा कणा त्याच मुंबईतून आला होता. पण त्याच वर्षांनी देशातल्या इतर गुणी खेळाडूंच्या वाट्याचं समाधान हिरावलं, हेही तितकंच खरं. २०१०-११ ते २०२४-२५ या काळात १४ हंगाम झाले आणि त्यात सात वेगवेगळे संघ विजेते ठरले. राजस्थान, गुजरात, विदर्भ, सौराष्ट्र या नावांच्या संघांनी पहिल्यांदा करंडक उचलला, मध्य प्रदेशनेही उचलला. त्यातल्या विदर्भाला आणि मध्य प्रदेशला घडवणारा प्रशिक्षक चंद्रकांत पंडित मुंबईचाच. मैदानांवर घडलेला तो खडूसपणा आता मुंबईपुरता राहिला नाही, हा त्या सत्तेचा सगळ्यात चांगला परिणाम. मार्च २०२४ मध्ये मुंबईने बेचाळिसावा करंडक जिंकला, तो विदर्भालाच हरवून. पुढच्याच हंगामात विदर्भाने नागपुरात मुंबईला उपांत्य फेरीत हरवलं आणि करंडक नेला.

विजेतेपदं मोजावीत, कारण खेळाडू त्यांच्यासाठीच घाम गाळतो. पण मोजताना प्रत्येक आकड्यापाशी त्याचं साल, त्याचा विभाग आणि त्याचा प्रतिस्पर्धी लिहून ठेवावा. रुसी सुरतींचं निधन जानेवारी २०१३ मध्ये झालं. त्यानंतर चार वर्षांनी, उत्तरायणाच्या दिवशी, त्यांच्या गुजरातने मुंबईलाच हरवून करंडक घेतला. सुरतींना जी भिंत कधी ओलांडता आली नाही, ती ओलांडूनच.